पित्ताशयात खडे, ऑपरेशनची तारीख लांब: नागपुरात वाट पाहताना पडणारे प्रश्न

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सर्जननी ऑपरेशन सांगितलं, पण तारीख काही आठवड्यांवर आहे आणि मधूनमधून कळा येतात, अशांसाठी हे पान आहे. सर्जरीच्या वॉर्डात आणि ओपीडीत पेशंट आणि नातेवाईक जे प्रश्न फिरून फिरून विचारतात, तेच इथे घेतलेत. मी नर्स आहे, सर्जन नाही. तुमच्या केस-पेपरवर डॉक्टरांनी वेगळं काही लिहिलं असेल तर ते धरा. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते: मिळालेली तारीख ही येऊन थांबणाऱ्या कळेसाठी असते. कळ थांबतच नसेल तर ती तारीख विसरायची आणि सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

ही कळ नेमकी कशाची असते?

लिव्हरच्या खाली, उजव्या बरगड्यांच्या आड पित्ताची एक छोटी पिशवी असते. लिव्हर पित्त तयार करतं, पिशवी ते साठवते. तेल-तूप पोटात गेलं की आतड्यातून निरोप जातो आणि पिशवी आवळते. त्या वेळी एखादा खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला तर आत दाब वाढतो. तीच ही कळ.

आपण कळ म्हणतो, पण मुतखड्यासारखी ती लाटांनी येत-जात नाही. पंधरा-वीस मिनिटांत चढते आणि मग एकसारखी घट्ट बसून राहते. पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बाजूला दुखतं, पाठीत उजव्या खवाट्याखाली जातं. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकतं. खडा मागे सरकला की एकदम मोकळं वाटतं. बहुतेकांना रात्रीच, जेवून निजल्यावर येते. उलटी होते, पण उलटीनं बरं वाटत नाही.

मला तर गॅसच वाटतो. इनो घेऊन पाहू का?

घ्या, पण अर्ध्या तासात फरक पडला नाही तर दुसरं-तिसरं पाकीट फोडू नका. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात, पिशवीच्या तोंडाशी अडकलेल्या खड्याला त्यांचा काही उपयोग नाही. वर्षभर सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेऊन मग सोनोग्राफी केलेले पेशंट ओपीडीत रोज दिसतात.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. खडे आहेत हे माहीत असल्यामुळे हार्ट अटॅकसुद्धा ‘खड्याचीच कळ’ म्हणून घरी सोसला जातो. चाळिशी उलटलेली, शुगर किंवा बीपी आहे, सिगारेट-तंबाखू आहे, आणि या वेळी दुखण्याबरोबर दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं आहे, तर आधी ईसीजी. खड्याचं नंतर पाहू.

किती वेळ घरी सहन करायचं?

सांगितलेली गोळी घेऊन दोन-तीन तासांत उतार पडायला हवा. नाही पडला तर निघायची तयारी करा. कळ सहा तासांच्या पुढे गेली की पिशवीला सूज आली असावी असं डॉक्टर धरतात, आणि त्याची भाषा वेगळी असते: सलाईन, ॲन्टिबायोटिक, भरती. म्हणून सहावा तास पूर्ण व्हायची वाट पाहत बसू नका.

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर घड्याळ पाहायचंच नाही, लगेच निघायचं:

- थंडी वाजून ताप, किंवा ताप १०० च्या वर
- डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, संडास पांढुरकी
- दुखणं पट्ट्यासारखं सरळ पाठीत जातंय, पुढे वाकून बसल्याशिवाय चैन नाही, उलट्या थांबत नाहीत
- पोट कडक झालंय, हात लावू देत नाही
- भोवळ, बडबड, खूप झोप, लघवी कमी होणं

थंडी-ताप आणि कावीळ एकत्र असणं म्हणजे पित्तनळीत खडा अडकून तिथे जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो काही तासांत रक्तात पसरतो. कावीळ म्हणून गावात माळ घालायला किंवा झाडपाल्याचं औषध प्यायला नेलेला पेशंट दोन दिवसांनी आमच्याकडे येतो, तेव्हा त्याचं बीपी लागत नसतं. पट्ट्यासारखं दुखणं हे स्वादुपिंडाला सूज आल्याचं लक्षण असू शकतं. या दोन्हींत खडा पिशवी सोडून पुढे गेलेला असतो, आणि जुन्या तारखेला तिथे काही किंमत नाही.

दुखण्यावर कोणती गोळी चालते?

खड्याच्या कळेवर डायक्लोफिनॅकच्या गटातली औषधं सगळ्यात चांगली लागू पडतात. डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल तर कळ सुरू होताच घ्या, असह्य होईपर्यंत थांबू नका. ड्रोटाव्हेरिन, डायसायक्लोमिन, हायोसिन ही पेटका सोडवणारी औषधं सोबत देतात. एकटी घेतली तर ती त्यामानानं कमी पडतात. हलक्या कळेला पॅरासिटामॉल पुरतं. मोठ्या माणसाला ५०० च्या एक किंवा दोन गोळ्या, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत ५०० च्या आठ गोळ्या ही शेवटची मर्यादा. वजन ५० किलोच्या आत असेल, लिव्हरचा त्रास असेल किंवा दारू असेल तर ही मर्यादा बरीच खाली येते. ती डॉक्टरांनाच विचारा.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगते. घरातल्या डब्यात तीन-चार पानं असतात आणि प्रत्येकावर वेगळं नाव. एकात ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसऱ्यात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, तिसरी मुलीची पाळीच्या वेळची मेफ्टाल स्पास, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड. रात्री दोन वाजता माणूस एकानं थांबलं नाही म्हणून दुसरी घेतो, मग तिसरी. नावं तीन असली तरी औषध एकाच गटाचं, आणि पॅरासिटामॉल तर दुप्पट झालेलं. पानाच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते दिवसा, चष्मा लावून, एकदा वाचून ठेवा आणि एकच पान ‘कळेची गोळी’ म्हणून वेगळं काढा.

डायक्लोफिनॅक आणि त्याची भावंडं कोणी विचारल्याशिवाय घेऊ नयेत? किडनीचा त्रास, अल्सर, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करण्याची औषधं, आणि गरोदर बाया. त्यात नागपूरचा मे महिना आला. ४५ डिग्रीत उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला लवकर इजा करतात. सकाळपासून पाणी पोटात ठरत नसेल तर घरी गोळ्यांवर गोळ्या न घेता सलाईनसाठी जा. हायोसिन, डायसायक्लोमिन घेणाऱ्यांना काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

गोळी लागू पडेपर्यंत काय करू?

खाणं बंद. उलटी नसेल तर पाण्याचे घोट चालतील. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून उजव्या बरगडीखाली धरली तर बऱ्याच जणांना बरं वाटतं. शुगर असलेल्यांना भाजलेलं कळत नाही, म्हणून पिशवी आधी दुसऱ्या कोणीतरी हात लावून पाहावी. निजायचं कसं याला नियम नाही. वॉर्डात कोणी कुशीवर मुटकुळं करतं, कोणी पलंगाच्या काठावर पाय सोडून, उशी पोटाशी आवळून बसतं, कोणी व्हरांड्यात फेऱ्या मारतं. जसं बरं वाटेल तसं. पोटाला मालिश, तेल लावून चोळणं मात्र नको.

एका कागदावर लिहून ठेवा: कळ किती वाजता सुरू झाली, किती वाजता थांबली, आधी काय खाल्लं होतं, ताप किती, उलट्या किती, गोळ्या कोणत्या आणि किती. ‘सिस्टर, पोट लय दुखून राहिलं हो’ यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. ‘आठवड्यात तिसरी कळ, कालची पाच तास’ हे वाचून तो तारखेची वही पुन्हा उघडतो.

खायचं काय? सावजी कायमचं बंद का?

हा प्रश्न नागपुरात बायकांपेक्षा पुरुष जास्त विचारतात. आधी एक गैरसमज काढू: कळ तिखटानं येत नाही, तेलानं येते. सावजीच्या रश्श्यात मिरची-मसाल्यापेक्षा वर तरंगणारा लाल थर तुमचा वैरी आहे. तर्री-पोह्यांतले पोहे चालतील, तर्री नाही. ‘कमी तिखट द्या’ सांगून वाटीभर तर्री ओतून घेणाऱ्याला रात्री कळ येतेच.

वडाभात, गोळाभात हे तर सरळ वरून कडकडीत तेल घालूनच खायचे पदार्थ, तेव्हा ऑपरेशन होईस्तोवर विसरा. पाटोडी रस्सा, तळलेली सांबारवडी, समोसा-कचोरी, मटण, खव्याची मिठाई हेही तसंच. संत्रा चालतो, हवा तेवढा खा. संत्रा बर्फी नाही, तिच्यात खवा असतो. अंड्यातला पिवळा भाग काहींना लगेच भोवतो, पांढरा सहसा चालतो.

मग उरतं काय? ज्वारीची भाकर, पोळी तुपाशिवाय, फिकं वरण, मुगाची खिचडी, दुधीभोपळा, दोडके, पालक, साय काढलेल्या दुधाचं दही-ताक, पातळ कढी, वाफवलेली किंवा थोड्या तेलातली मासोळी, फळं. भाजीला फोडणी नको असं नाही. चार माणसांच्या भाजीला दोन चमचे तेल, इतकं धरा. तेल डब्यातून थेट कढईत ओतू नका, चमच्यानं मोजा. एवढ्या एका सवयीनं बराच फरक पडतो.

एकदम सगळं तेल-तूप शून्य करणं आणि भराभर वजन उतरवणं हेही चुकीचं आहे. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरायला लागलं की नवे खडे होण्याची शक्यता वाढते. पथ्यानं खडे जात नाहीत, कळा कमी होतात, आणि काहींना पथ्य पाळूनही येतात. तेव्हा घरच्यांनी ‘काहीतरी खाल्लंच असशील’ म्हणून पेशंटला उलटतपासणीत उभं करू नये.

उपास चालतील का?

दिवसभर उपाशी राहून रात्री भरपेट सोडणं सगळ्यात वाईट. पिशवी दिवसभर भरून राहते आणि रात्री एकदम जोरात आवळते. उपासाचे पदार्थही हलके नसतात. साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि दाण्याचा कूट दोन्ही भरपूर, वडे तर तळलेले. नवरात्राचे नऊ दिवस धरायचेच असतील तर फळं, ताक, भगर, राजगिरा, थोडंथोडं, दिवसातून चार-पाच वेळा. महालक्ष्म्यांच्या जेवणाला बसावंच लागलं तर पानावरचं सगळं चाखायचा आग्रह मोडा. पुरणाची पोळी तुपाशिवाय अर्धी, भजी-वडे बाजूला.

कुळथाचा काढा, पानफुटी, ऑलिव्ह तेल आणि लिंबू यांनी खडे पडतात का?

कुळीथ आणि पानफुटी लोक मुतखड्यासाठी घेतात. मुतखड्याला लघवीची वाट असते, भरपूर पाणी प्यायल्यावर बारीक खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताशयाचा लघवीशी संबंधच नाही. त्यातून खडा ‘पडला’ तर तो पित्तनळीत पडतो, म्हणजे कावीळ आणि स्वादुपिंडाची सूज जिथे सुरू होते तिथेच. खडे पाडणं हे ध्येयच घातक आहे, ही गोष्ट काढा देणारा कधी सांगत नाही.

ऑलिव्ह तेल-लिंबू पिऊन दुसऱ्या दिवशी संडासात हिरवट मऊ गोळे दिसतात. ते खडे नसतात. तेलाचं आतड्यात साबणासारखं घट्ट झालेलं मिश्रण असतं. शिवाय वाटीभर तेल एकदम पोटात घालणं म्हणजे कळेला आमंत्रण. सोनोग्राफी पुन्हा करा, खडे जागेवरच असतात.

खडे विरघळवायची गोळी असते म्हणे?

असते, उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. बारीक, कोलेस्टेरॉलचे, चुना न बसलेले खडे आणि नीट आवळणारी पिशवी असेल तरच लागू पडते. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते आणि बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना खडे परत होतात. ज्यांना कळा चालू आहेत त्यांच्यासाठी हा ऑपरेशनला पर्याय नाही.

रिपोर्टमध्ये १८ मिलिमीटर लिहिलंय. फार मोठा आहे का?

मिलिमीटर वाचून रात्रभर जागू नका. चार मिलिमीटरचे बारीक खडे जास्त त्रास देऊ शकतात, कारण तेच नळीत घसरतात. मोठा खडा बहुधा पिशवीतच राहतो. आकारापेक्षा रिपोर्टमधल्या दुसऱ्या ओळी पाहा. ‘वॉल थिकनिंग’ म्हणजे पिशवीची भिंत जाड झालीय, ‘पेरिकोलेसिस्टिक फ्लुइड’ म्हणजे पिशवीभोवती पाणी: दोन्ही सुजेच्या खुणा. ‘सीबीडी’ म्हणजे मुख्य पित्तनळी. ती साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते, वयानुसार थोडी रुंद होते. ती फुगलेली असेल किंवा रक्तात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं असेल तर आधी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळीचा एमआरआय, आणि नळीत खडा निघाला तर तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपीनं काढतात. पिशवीचं ऑपरेशन त्यानंतर लवकरच करतात.

तारीख अलीकडे आणता येते का?

येते. ओळख लावून नव्हे, माहिती देऊन. वर सांगितलेला कळांचा कागद, नवी सोनोग्राफी आणि लिव्हरच्या रक्ततपासण्या घेऊन त्याच युनिटच्या ओपीडीच्या दिवशी जा. मेडिकल असो, मेयो असो की मिहानमधलं एम्स, प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. वार चुकवून गेलात तर दिवस वाया.

सूज येऊन भरती झाला असाल तर एक प्रश्न नक्की विचारा: याच भरतीत ऑपरेशन होईल का? पूर्वी सूज शांत होऊ द्यायची, घरी पाठवायचं आणि सहा आठवड्यांनी बोलवायचं, अशी रीत होती. आता जमेल तिथे पहिल्या काही दिवसांतच पिशवी काढणं चांगलं मानतात, कारण मधल्या काळात बरेच जण पुन्हा कळ घेऊन परत येतात. तरीही डॉक्टर थांबा म्हणाले तर त्यामागे कारण असतं: शुगर वाढलेली, रक्त पातळ करण्याचं औषध चालू, छातीत कफ, सूज फार जुनी. ते कारण समजून घ्या. पुष्कळदा ते तुमच्याच हातात असतं.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे योजनेच्या खिडकीवरच्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का हे आजच तपासा. एका वेलांटीच्या फरकापायी मंजुरी अडकते आणि हातात आलेली तारीख जाते. योजनेचा फोन १५५३८८.

घरात सिकलसेल आहे. काही वेगळं?

हो, आणि विदर्भात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन वाढतं आणि शाळकरी वयातही काळे, रंगद्रव्याचे खडे होतात. विरघळवायच्या गोळीचा यांवर उपयोग नाही. पोटातली कळ खड्याची की सिकलची हे घरी ओळखू येत नाही, डोळे तर एरवीही पिवळसर असतात. म्हणून सिकलच्या पेशंटनं पोट दुखून ताप आला तर घरी थांबूच नये. ऑपरेशनआधी भरपूर पाणी, अंग गरम ठेवणं, ऑक्सिजन आणि काही वेळा रक्त चढवणं अशी वेगळी तयारी लागते. सिकलचं कार्ड फाईलच्या वरच ठेवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःच्या तोंडानं सांगा.

गरोदरपणात कळा आल्या तर?

पॅरासिटामॉल चालतं, डायक्लोफिनॅक गटातली गोळी मनानं अजिबात नाही. कळा वारंवार येत असतील तर गरोदरपणातही दुर्बिणीतून ऑपरेशन करतात, मधले तीन महिने त्यातल्या त्यात सोयीचे. सर्जन आणि बाळंतपणाचे डॉक्टर दोघांनी मिळून ठरवायची ही गोष्ट आहे.

वडिलांना शुगर आहे, पण दुखणं फारसं नाही. निवांत राहू का?

नाही. जुनी शुगर आणि वय या दोन्हींत दुखणं आणि ताप दबलेले असतात, आणि आत पिशवी सडायला लागलेली असू शकते. म्हातारा माणूस जेवेनासा झाला, सुस्त झाला, शुगर विनाकारण चढली, एवढं पुरे. घेऊन या.

आम्ही गडचिरोलीकडचे. कळ आली की नागपूरच गाठायचं का?

ताप-कावीळ किंवा न थांबणारी कळ असेल तर १०८ ला फोन करून आधी जवळचं उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. सलाईन, इंजेक्शन, ॲन्टिबायोटिकचा पहिला डोस तिथेच सुरू होऊ शकतो, मग पुढे पाठवतात. उलट्या होणाऱ्या पेशंटला काळीपिवळीत कोंबून चार-पाच तास आणू नका. सगळे कागद एका पन्नीत ठेवा आणि मूळ सोनोग्राफीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

महिनाभर कळ आली नाही. ऑपरेशन रद्द करू?

कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नाही. एकदा कळ आलेल्यांना ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, आणि पुढची साधी कळच असेल याची खात्री कोणी देत नाही. ज्यांना कधीच त्रास झाला नाही आणि दुसऱ्याच कारणानं केलेल्या तपासणीत खडे दिसले, त्यांचं गणित वेगळं. त्यांना बहुधा ऑपरेशन लागत नाही.

नुसते खडे काढून पिशवी ठेवता येत नाही का?

नाही. तीच पिशवी पुन्हा खडे करते. पिशवी नसली तरी लिव्हर पित्त करतच राहतं, ते थेट आतड्यात उतरतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन भरवशाचं आहे का?

१९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ते भारतात पहिल्यांदा केलं. आज ते रोजचं काम आहे. बहुतेक पेशंट एक-दोन दिवसांत घरी जातात आणि आठवडा-दोन आठवड्यांत कामाला लागतात. पिशवी फार चिकटलेली असली तर मध्येच पोट उघडावं लागू शकतं. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं, वाचून सही करा.

काढलेले खडे घरी नेता येतात का?

मागा, बऱ्याच ठिकाणी छोट्या बाटलीत घालून देतात. पिशवी मात्र तपासणीसाठी पॅथॉलॉजीत जाते, कारण क्वचित कधी तिच्यात कॅन्सर सापडतो. टाके काढायला याल तेव्हा तो रिपोर्ट मागून घ्या, आला नसेल तर कधी येईल ते विचारून ठेवा. खड्यांची बाटली सगळे आठवणीनं नेतात, हा रिपोर्ट मात्र निम्मे लोक नेत नाहीत.